घरच्या जुन्या रेकॉर्डिंगसाठी सॉफ्टवेअर कसं निवडायचं?

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली काढली तेव्हा आत तीन व्हीएचएस कॅसेट, नऊ मिनीडीव्ही (हँडीकॅमच्या छोट्या कॅसेट), लग्नांच्या व्हीसीडी-डीव्हीडींचा गठ्ठा आणि हँडीकॅमची दोन मेमरी कार्डं निघाली. त्यातल्या एका डीव्हीडीवर धाकट्या आत्याच्या हळदीला घाणा भरताना आज्जी ओव्या म्हणते आहे. आज्जीचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.

मी घाई केली. इंटरनेटवर शोधल्यावर जे फुकट ‘कन्व्हर्टर’ सर्वात वर दिसलं ते उतरवून घेतलं, सगळं त्यात घातलं, फाइली लहान झाल्या म्हणून खूश झालो आणि एक मेमरी कार्ड पुसून टाकलं. महिन्याभरानं टीव्हीवर लावलं तर माणसं हलली की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा, आणि आवाज ओठांच्या मागे. डीव्हीडी हातात होत्या, त्या पुन्हा करता आल्या. पुसलेल्या कार्डावरची जोतिबाची यात्रा मात्र आता तशीच राहणार. तुमच्याकडे असं होऊ नये, म्हणून हे सगळं क्रमानं लिहितो आहे.

हाताशी काय लागेल

- बऱ्यापैकी संगणक. नुसतं कापायला-जोडायला ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉपही चालतो. संपादनाला ८ जीबी तरी हवी.
- दोन बाहेरच्या हार्ड डिस्क. एक नाही, दोन.
- डीव्हीडी ड्राइव्ह. नव्या लॅपटॉपला नसतो, यूएसबीवर चालणारा वेगळा मिळतो.
- मिनीडीव्ही असतील तर चालू स्थितीतला कॅमेरा, फायरवायरची (जुन्या कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग संगणकावर आणायची) केबल आणि तिची खाच, म्हणजे फायरवायर पोर्ट, असलेला जुना डेस्कटॉप.
- मीडियाइन्फो, व्हीएलसी (नुसतं बघायला), लॉसलेसकट, हँडब्रेक आणि शॉटकट ही सॉफ्टवेअरं. पाचही ओपन सोर्स, आणि त्यांच्या मूळ पानावरून विनामूल्य.

१. आधी मूळ माल जसाच्या तसा उतरवून घ्या

कोणतंही सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे काम. डीव्हीडीतलं ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं पूर्ण फोल्डर उचला, त्यातल्या सुट्या फाइली नाही. हँडीकॅमच्या कार्डावरचंही ‘एव्हीसीएचडी’ हे फोल्डर अख्खं घ्या. आतल्या ‘स्ट्रीम’ फोल्डरमध्ये एमटीएस फाइली दिसतात आणि तेवढ्याच घ्याव्यात असं वाटतं. पण मोठं रेकॉर्डिंग कॅमेरा स्वतःच २ किंवा ४ जीबीचे तुकडे करून ठेवतो, आणि कुठला तुकडा कुठल्यापुढे लागतो त्याची नोंद बाजूच्या छोट्या फाइलींमध्ये असते. त्या गेल्या तर नंतर अंदाजानं जुळवत बसावं लागतं.

व्हीसीडीवर ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमध्ये डॅट फाइल असते. तिचं चित्र फक्त ३५२×२८८ असतं, म्हणजे मूळ कॅसेटच्या मानानं बरंच गमावलेलं. त्यामुळे लग्नाची व्हीसीडी असेल तर ज्या स्टुडिओनं शूटिंग केलं होतं तिथे एकदा विचारून या. मूळ मिनीडीव्ही कॅसेट अजून कपाटात असण्याची शक्यता असते. आमची एक अशीच शाहूपुरीतल्या एका जुन्या स्टुडिओत मिळाली.

मिनीडीव्हीची गोष्ट वेगळी. तिच्यावरचं रेकॉर्डिंग आधीच डिजिटल असतं, त्यामुळे ते ‘कॅप्चर’ करायचं म्हणजे खरं तर कॉपीच करायची. पण ती फायरवायरनं. बहुतेक मिनीडीव्ही कॅमेऱ्यांना यूएसबीची खाचही असते, ती फोटोंसाठी किंवा हलक्या प्रतीच्या चित्रासाठी. तिच्यावरून घेतलेलं ठेवणीत ठेवू नका. फायरवायरनं एका तासाची साधारण १३ जीबीची डीव्ही एव्हीआय फाइल होते. आकार बघून घाबरू नका, तुमचं मूळ तेच आहे. हे काम बाहेर करून घेणार असाल तर दुकानदाराला आधीच स्पष्ट सांगा, “डीव्हीडी करून देऊ नका, डीव्ही एव्हीआय हार्ड डिस्कवर द्या.” हे सांगितलं नाही तर १३ जीबीची फाइल ४.७ जीबीच्या डीव्हीडीत कोंबून मिळते आणि आपल्याला कळतही नाही.

एक डिस्क घरात आणि दुसरी दुसऱ्या घरात ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी ज्यांच्या तळमजल्यात शिरलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. कपाटाच्या खालच्या खणातले अल्बम आणि कॅसेट आधी गेले. आमची दुसरी डिस्क पुण्याच्या भावाकडे आहे.

२. फाइलच्या पोटात काय आहे ते बघा

एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही ही नुसती डब्यांची नावं. डब्यात भात आहे की भाकरी, ते नावावरून कळत नाही. आतलं चित्र कुठल्या पद्धतीनं साठवलंय त्याला कोडेक म्हणतात, आणि सॉफ्टवेअर निवडायचं ते त्याच्यावरून. त्यासाठी मीडियाइन्फोमध्ये फाइल ओढून टाका. माहितीचा ढीग दिसेल. तुम्हाला त्यातल्या चारच ओळी बघायच्या आहेत.

*फॉरमॅट.* व्हीसीडीला एमपेग-१, डीव्हीडीला एमपेग-२, मिनीडीव्हीला डीव्ही, हँडीकॅमच्या एमटीएसला एव्हीसी म्हणजेच एच.२६४, आणि अलीकडच्या मोबाइलला बऱ्याचदा एचईव्हीसी म्हणजे एच.२६५.

*स्कॅन टाइप.* इथे ‘इंटरलेस्ड’ आहे की ‘प्रोग्रेसिव्ह’, हे कागदावर लिहून ठेवा. त्याचा अर्थ पायरी ५ मध्ये, रेघांच्या प्रश्नात येतो. माझ्या पहिल्या प्रयत्नाचं वाटोळं या एका शब्दानं झालं.

*फ्रेम रेट मोड.* मोबाइलच्या फाइलींमध्ये इथे ‘व्हेरिएबल’ दिसतं. म्हणजे सेकंदाला कधी ३० चित्रं, कधी २८. संपादनात आवाज पुढेमागे होतो तो यामुळे.

*डिस्प्ले आस्पेक्ट रेशो.* जुनं रेकॉर्डिंग बहुधा ४:३ असतं. रूपांतरानंतर माणसं आडवी फुगलेली दिसली तर सॉफ्टवेअरनं ही ओळ वाचलेली नाही असं समजा.

३. काम नेमकं कोणतं, ते ठरवा

‘व्हिडिओ एडिट करायचाय’ असं आपण सरसकट म्हणतो. त्यात तीन वेगळी कामं असतात आणि तिन्हींना वेगवेगळी सॉफ्टवेअरं लागतात. सगळं एकात करू पाहणाऱ्या विकतच्या पॅकेजांच्या मागे लागून मी दोन महिने घालवले.

पहिलं काम नुसतं कापणं-जोडणं: सुरुवातीचा काळा पडदा काढायचा, तीन तासांच्या लग्नातून घाण्याची दहा मिनिटं वेगळी करायची. दुसरं रूपांतर: टीव्हीवर, मोबाइलवर चालेल असं करायचं. तिसरं खरं संपादन: नावं घालायची, आवाज वाढवायचा, दोन कॅमेऱ्यांचं जुळवायचं.

यात महत्त्वाची गोष्ट अशी की पहिल्या कामात चित्र पुन्हा तयार करावं लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात लागतं, आणि दरवेळी थोडं बिघडतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. म्हणून जे काम पहिल्या प्रकारात बसतं ते तिथेच संपवा, आणि उरलेल्यात पुन्हा तयार करण्याची वेळ एकदाच येऊ द्या.

४. नुसतं कापायला: लॉसलेसकट

फाइल ओढून टाका, सुरुवातीला ‘आय’ ही कळ, शेवटाला ‘ओ’, मग एक्स्पोर्ट. दोन जीबीचा तुकडा मिनिटाच्या आत वेगळा होतो, कारण सॉफ्टवेअर आतल्या चित्राला हात लावत नाही, नुसतं उचलून ठेवतं. जुन्या लॅपटॉपवरही पळतं.

याची एक मर्यादा आधीच माहीत असावी. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. अधूनमधून एक पूर्ण असतं आणि मधल्यांमध्ये फक्त काय बदललं ते असतं. न बिघडवता कापायचं तर त्या पूर्ण चित्रापासूनच कापता येतं. त्यामुळे तुम्ही जिथे खूण केली तिथून थोडं आधीपासून तुकडा सुरू होतो. डीव्हीडीत हा फरक अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो, मोबाइलच्या फाइलीत जास्त असू शकतो. घरच्या ठेवणीसाठी ते चालतं. ओवीच्या पहिल्या शब्दाच्या अलीकडे जरा जागा सोडूनच खूण करा.

हँडीकॅमचे तुकडे जोडताना मात्र सांध्यावर कान देऊन ऐका. क्षणभर आवाज तुटला तर कॅमेऱ्यासोबत आलेल्या सॉफ्टवेअरनं ‘इम्पोर्ट’ करून बघा. ते बाजूच्या नोंदी वाचून तुकडे बेमालूम जोडतं. म्हणून पायरी १ मध्ये अख्खं फोल्डर घ्यायला सांगितलं.

५. रूपांतराला: हँडब्रेक

हे सॉफ्टवेअर एकच काम करतं आणि नीट करतं. पहिल्यांदा उघडल्यावर बटणांची गर्दी दिसते, पण घरच्या कामाला त्यातली पाच-सहाच लागतात.

डीव्हीडीसाठी ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डरच उघडायला द्या. आतल्या व्हीओबी फाइली एकेक जीबीच्या तुकड्यांत असतात. एकच तुकडा दिलात तर मंगलाष्टकांच्या मधेच लग्न संपतं. फोल्डर दिलं की पूर्ण कार्यक्रम एक ‘टायटल’ म्हणून दिसतो.

प्रीसेटच्या, म्हणजे आधीच जुळवून ठेवलेल्या सेटिंगच्या, यादीत भारतातल्या जुन्या रेकॉर्डिंगसाठी ‘५७६पी२५’ असं लिहिलेला निवडा. आपल्याकडे पाल पद्धत होती: ७२०×५७६ चं चित्र, सेकंदाला २५. अमेरिकी मार्गदर्शिकांमध्ये ४८० आणि ३० हे आकडे असतात, ते बघून जसेच्या तसे भरू नका. आणि ५७६ चं १०८० करायच्या मोहात पडू नका. फाइल फुगते, चेहरे स्पष्ट होत नाहीत.

*गुणवत्ता.* तिथे आरएफ नावाची सरकपट्टी आहे. आकडा लहान तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. या आकाराच्या चित्राला १८ ते २२ योग्य मानतात. घरच्या कॅसेटचं चित्र मुळातच कणीदार असतं, म्हणून मी १८ वर ठेवतो. मोबाइलच्या १०८० च्या चित्राला २० ते २४ चालतं.

*रेघांचा प्रश्न.* आता तो कंगवा. जुने कॅमेरे चित्र अर्धं अर्धं घेत: आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या ओळी. जुना टीव्ही तसंच दाखवत होता, म्हणून काही कळत नसे. संगणक दोन्ही अर्धी एकत्र लावतो. मधल्या काळात आज्जीचा हात जात्यापाशी पुढे सरकलेला असतो, आणि तिच्या हिरव्या इरकलीचा काठ दोन ठिकाणी, दातेरी उमटतो. यावर उपाय ‘डीइंटरलेस’. फिल्टर्सच्या पानावर ‘याडिफ’ निवडा आणि त्याच्या प्रीसेटमध्ये ‘बॉब’. मग व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेट ५० करा. असं केल्यानं दोन्ही अर्ध्यांची दोन वेगळी चित्रं होतात आणि हालचाल जुन्या टीव्हीवर दिसायची तशी सळसळीत दिसते. ५० नको असेल तर नुसता ‘डिफॉल्ट’ ठेवा, २५ राहील. मी लेझीम आणि झांजपथकाचं सगळं ५० वर केलं. फरक डोळ्यांना लगेच दिसतो. मीडियाइन्फोत ‘प्रोग्रेसिव्ह’ लिहिलं असेल तर हे फिल्टर बंदच ठेवा, नाहीतर चांगलं चित्र उगाच मऊ होतं.

*कोडेक.* घरातल्या सगळ्यांना बघता यावं असं हवं तर एच.२६४ आणि आवाजाला एएसी. एच.२६५ नं फाइल लहान होते, पण जुन्या टीव्हीवर ती चालत नाही आणि मग काका-मामांचे फोन येतात.

*एक छोटा खड्डा.* हँडब्रेक कधी कधी फाइलीला आपोआप एम४व्ही असं शेपूट लावतं. काही टीव्ही ते ओळखत नाहीत. सेटिंगमध्ये एमपी४ कायमचं करून ठेवा.

काम रात्री लावा आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवा. मधेच लाईट गेली आणि संगणक बंद पडला तर अर्धवट झालेली एमपी४ फाइल उघडतसुद्धा नाही, पहिल्यापासून करावं लागतं.

६. खऱ्या संपादनाला: शॉटकट, आणि ताकद असेल तर डाविंची रिझॉल्व्ह

शॉटकट मी नवख्यांना सुचवतो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, वॉटरमार्क नाही, वेळेची मर्यादा नाही. मोबाइलची व्हेरिएबल फाइल टाकली की ‘संपादनाला सोयीचं करून देऊ का’ असं ते स्वतःच विचारतं. हो म्हणा. डिस्कवर जागा जाते, पण आवाज ओठांना धरून राहतो.

त्याची प्रोजेक्ट फाइल म्हणजे तुमचा व्हिडिओ नव्हे. तिच्यात फक्त ‘अमुक फोल्डरमधली तमुक फाइल इथून इथपर्यंत’ अशी टिपणं असतात. मूळ फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की सगळं गायब दिसतं. म्हणून कामाला लागायच्या आधी सगळं एका फोल्डरमध्ये आणा आणि शेवटपर्यंत हलवू नका.

डाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती फार मोठं काम करते. जुन्या कॅसेटचे उडालेले रंग सुधारायला तिच्या तोडीचं फुकट काही मी पाहिलेलं नाही. पण १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. आणि लिनक्सवर तिची विनामूल्य आवृत्ती एच.२६४ उघडत नाही, म्हणजे घरच्या बहुतेक फाइली बाद. मॅक असेल तर आधीच असलेलं आयमूव्ही सुरुवातीला पुरेसं आहे. विंडोज ११ वर क्लिपचॅम्प असतं. वाढदिवसाच्या पाच मिनिटांच्या फितीला बरं, पण इंटरलेस्ड मालाला मी ते वापरत नाही.

मराठी नावं घालणार असाल तर कुठलंही सॉफ्टवेअर पक्कं करण्याआधी त्यात ‘क्षीरसागर’, ‘श्रीकृष्ण’, ‘मंगलाष्टकं’ असे जोडाक्षरांचे शब्द टाइप करून बघा. अक्षरं फुटली, वेलांटी भलतीकडे गेली तर त्याच्याशी झगडू नका. निर्मला किंवा मंगल असा युनिकोड फॉन्ट वापरा. तरीही फुटत असेल तर नावाची पाटी चित्र म्हणून वेगळी बनवा आणि ते चित्र व्हिडिओत लावा.

७. उतरवून कुठून घ्यायचं

नेहमी निर्मात्याच्या स्वतःच्या पानावरून. हँडब्रेकचं पान ‘हँडब्रेक डॉट एफआर’ आहे. शेवटी ‘कॉम’ नाही. २०१७ च्या मे महिन्यात त्यांच्या एका डाउनलोड सर्व्हरवर घुसखोरी होऊन मॅकसाठीच्या फाइलीत काही दिवस व्हायरस मिसळला गेला होता. निर्मात्यांनी तेव्हा लगेच जाहीर केलं आणि फाइल पडताळायचा आकडा दिला. आजही तो पानावर असतो, तो जुळवून बघायची सवय लावा.

विंडोज मूव्ही मेकर अनेकांना आठवतं. मायक्रोसॉफ्टनं ते जानेवारी २०१७ मध्ये बंद केलं. त्या नावानं आज जे ‘फुकट डाउनलोड’ दिसतात त्यांच्या नादी लागू नका. तसंच ‘फ्री कन्व्हर्टर’ म्हणून येणारी पुष्कळ सॉफ्टवेअरं अर्धा व्हिडिओ करून देतात, किंवा मधोमध आपलं नाव छापतात, आणि मग पैसे मागतात. ऑनलाइन कन्व्हर्टरवर तर घरातल्या बायका-मुलांचं रेकॉर्डिंग चढवूच नका. ते कुणाच्या संगणकावर जाऊन बसतं ते आपल्याला कळत नाही.

८. आधी दोन मिनिटं, मग दोन तास

अख्खी कॅसेट रूपांतराला लावण्याआधी हालचाल आणि बोलणं दोन्ही असलेला दोन मिनिटांचा तुकडा करून घ्या. आमच्याकडे तो वरातीचा आहे. तो ज्या टीव्हीवर बघितला जाणार आहे त्याच टीव्हीवर लावा. कडा बघा, चेहरे आडवे-उभे ताणलेत का बघा, आणि शेवटच्या दहा सेकंदांत ओठ आणि आवाज जुळतात का ते बघा. पूर्ण फाइल झाल्यावरही शेवट एकदा बघाच. आवाज सरकत असेल तर शेवटी जास्तीत जास्त दिसतो.

पेन ड्राइव्हवर देताना एक अडचण हमखास येते. जुन्या टीव्हीला चालणारा पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असतो आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. लॉसलेसकटनं दोन भाग करा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नुसता व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो पुन्हा चेपला जातो.

९. नावं लिहून ठेवा

फाइलीचं नाव तारखेनं सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. यादी आपोआप क्रमानं लागते. ‘लग्न नवीन फायनल २’ अशी नावं सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाहीत.

चित्रात कोण आहे तेही लिहा, आणि सांगणारी माणसं आहेत तोवर लिहा. मी थोरल्या आत्याला टीव्हीसमोर बसवलं. ती “थांब, थांब, जरा मागं घे,” म्हणत होती आणि मी वहीत उतरवत होतो. मांडवातली एक्केचाळीस नावं तिनं सांगितली. ती यादी आता त्याच फोल्डरमध्ये साध्या टेक्स्ट फाइलीत आहे. घाणा भरताना आज्जीच्या डावीकडे बसून तिच्या ओवीला ओवी लावणाऱ्या बाईंचं नाव मात्र आत्यालाही आठवलं नाही. रविवारी कसबा बावड्याच्या मामींकडे लॅपटॉप घेऊन जाणार आहे.